आधी सुटका, मग आज्ञा

ख्रिस्ती धर्मविचारात ‘नियमशास्त्र’ आणि ‘कृपा’ हे दोन शब्द जोडीने येतात आणि बहुधा एकमेकांच्या विरोधात उभे केले जातात. नियमशास्त्र म्हणजे देवाने मोशेच्या हातून इस्राएल लोकांना दिलेल्या आज्ञांचा समुच्चय. त्यात दहा आज्ञांपासून खाण्यापिण्याच्या, सणावारांच्या, शुद्धाशुद्धतेच्या आणि न्यायनिवाड्याच्या विधींपर्यंत सारे काही येते, आणि यहुदी परंपरेने या आज्ञांची संख्या ६१३ मानून त्यांत २४८ विधी व ३६५ निषेध मोजले आहेत. कृपा म्हणजे माणसाची लायकी न पाहता देवाने त्याच्यावर केलेला अनुग्रह. या दोन व्याख्या शेजारी ठेवल्या की एक सोपा निष्कर्ष आपोआप निघतो आणि तो अनेक श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांच्या मनातही पक्का बसलेला असतो : जुन्या करारातला देव कायद्यावर बोट ठेवणारा, नव्या करारातला देव माफ करणारा, यहुदी धर्म नियमांचा, ख्रिस्ती धर्म प्रेमाचा. हा निष्कर्ष पवित्र शास्त्राच्या पानांवर टिकत नाही, आणि त्याने केलेले नुकसान केवळ विचारांपुरते राहिलेले नाही, कारण यहुद्यांना रुक्ष, ढोंगी आणि देवाच्या मर्जीतून उतरलेले समजण्याची जी सवय ख्रिस्ती युरोपला शतकानुशतके जडली होती तिला याच मांडणीतून बळ मिळत गेले.

निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा येतात, परंतु पहिली आज्ञा उच्चारण्यापूर्वी देव आपली ओळख सांगतो, आणि ती ओळख मिसर देशाच्या गुलामगिरीतून इस्राएलांना बाहेर काढणारा अशी आहे. या क्रमाला फार महत्त्व आहे. मिसरातून निघण्याची वल्हांडणाची रात्र होऊन गेली, समुद्र ओलांडून झाला, मिसरचा राजा फारो याचे सैन्य बुडाले, आणि त्यानंतर सीनाय पर्वताच्या पायथ्याशी नियमशास्त्र मिळाले. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही. अनुवाद या पुस्तकात तर मोशे लोकांना बजावून सांगतो की देवाने तुम्हांला निवडले ते तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून नव्हे, कारण इतर राष्ट्रांच्या तुलनेत तुम्ही सर्वांत थोडके होता. केवळ त्याचे प्रेम होते आणि त्याने पूर्वजांना शब्द दिला होता. ज्यांची सुटका झाली आहे त्यांनी आता कसे राहावे, शेजाऱ्याशी, परक्याशी, विधवेशी आणि मजुराशी कसे वागावे, याचे मार्गदर्शन म्हणून नियमशास्त्र येते. म्हणूनच स्तोत्रसंहितेतील सर्वांत दीर्घ स्तोत्र, म्हणजे १७६ वचनांचे ११९ वे स्तोत्र, आरंभापासून अखेरपर्यंत नियमशास्त्रावरील प्रेमाने भरलेले आहे. नियम हे ओझे वाटणाऱ्या माणसाच्या तोंडी असे स्तोत्र आले नसते.

येशूच्या शिकवणुकीतही कायदा बाजूला सारून कृपेची सुरुवात झालेली दिसत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात तो आपण नियमशास्त्र रद्द करण्यास आलेलो नसून ते पूर्ण करण्यास आलो आहोत असे सांगतो आणि लगेच आज्ञा अधिक खोल नेतो, कारण त्याच्या दृष्टीने खुनाचे मूळ रागात आणि व्यभिचाराचे मूळ नजरेत असते. परंतु हाच येशू पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांच्या घरी जेवतो. मंदिरात उपासतापासांचा हिशेब मांडणाऱ्या परूशापेक्षा, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथातील माणसापेक्षा, छाती बडवून दया मागणारा जकातदार नीतिमान ठरून घरी गेला, असा दाखला देतो. आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यात सकाळपासून उन्हात राबलेल्या मजुराला आणि अखेरच्या तासाला आलेल्या मजुराला सारखीच मजुरी देणारा मालक उभा करतो. सकाळपासून राबलेल्यांनी केलेली तक्रार कोणत्याही न्यायी माणसाला रास्त वाटेल अशीच आहे, आणि दाखल्याची धार तिथेच आहे, कारण मालकाने कोणाचीही ठरलेली मजुरी बुडवलेली नसते. त्याने फक्त काहींना त्यांच्या कमाईपेक्षा अधिक दिलेले असते.

या दोन्ही गोष्टी, म्हणजे अधिक कठोर झालेली आज्ञा आणि अधिक मोकळा झालेला दरवाजा, एकत्र कशा नांदायच्या हा प्रश्न येशूच्या पश्चात पहिल्याच पिढीपुढे उभा राहिला, आणि तो जेवणाच्या पंगतीत उभा राहिला. त्या काळच्या सीरियातील अंत्युखिया या शहरात यहुदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे जन्माने यहुदी नसलेले, असे दोन्ही प्रकारचे विश्वासणारे एकत्र जेवत असत, आणि प्रेषित पेत्रही त्यांच्याबरोबर बसत असे. पुढे यरुशलेमेहून, येशूचा भाऊ याकोब याच्याकडून, काही माणसे आली तेव्हा पेत्र बिचकून मागे सरला, त्याच्यामागोमाग इतर यहुदी सरले आणि प्रेषित पौलाचा जिवलग सहकारी बर्णबाही त्यांच्यात ओढला गेला. पौलाने पेत्राला सर्वांदेखत जाब विचारला. पंक्तिभेद म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. माणूस कोणाशेजारी बसून जेवतो यावर तो कोणाला आपले मानतो हे ठरते. पौलाने या गोष्टीत केवळ शिष्टाचाराचा भंग पाहिला नाही. देवाने ज्यांना काही अट न घालता स्वीकारले त्यांना माणसांनी अट घालावी हे त्याला शुभवर्तमानच नाकारण्यासारखे वाटले.

ही सारी हकीकत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात येते. गलतिया हा आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागातील प्रांत. तेथे पौलाने स्थापन केलेल्या मंडळ्यांत, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायांत, नंतर काही उपदेशक आले आणि त्यांनी परराष्ट्रीयांनी सुंता करून घेऊन नियमशास्त्र स्वीकारल्याखेरीज ते देवाच्या प्रजेत पूर्णपणे सामील होऊ शकत नाहीत असे शिकवले. पौलाचे उत्तर संतापाने भरलेले आहे, तरी त्यातला युक्तिवाद अतिशय काटेकोर आहे, आणि तो यहुदी शास्त्रातूनच काढलेला आहे. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून जमा झाला ही गोष्ट उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात येते; सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायात येते; आणि मोशेचे नियमशास्त्र तर पौलाच्या हिशेबाने अभिवचनानंतर ४३० वर्षांनी आले. आधी दिलेले वचन नंतर आलेल्या कायद्याने रद्द होत नाही. मग कायदा कशाला, या प्रश्नाला पौल त्या काळच्या ग्रीक-रोमन घरांतील एका नोकराचा दाखला देतो. मुलाला शाळेत नेणारा, त्याच्या वागणुकीवर नजर ठेवणारा आणि प्रसंगी शिक्षा करणारा हा गुलाम, ज्याला मराठी पवित्र शास्त्रात ‘बालरक्षक’ म्हटले आहे, मूल वयात येईपर्यंत आवश्यक असतो आणि त्यानंतर त्याचा अधिकार संपतो, परंतु म्हणून तो मुलाचा शत्रू ठरत नाही.

इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमेत प्रेषितांची आणि वडीलजनांची सभा भरली आणि परराष्ट्रीयांना सुंतेची सक्ती नाही असा निर्णय झाला. त्यांनी मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहावे एवढेच सांगण्यात आले. ख्रिस्ती धर्म एका राष्ट्राच्या सीमेबाहेर पडू शकला तो या निर्णयामुळे.

पौलाचे विरोधक त्याच्यावर जो आरोप करीत होते तो आजही ऐकू येतो : कृपा फुकट मिळत असेल तर माणूस चांगला का वागेल? रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल हा प्रश्न स्वतःच उपस्थित करतो आणि ठामपणे नाकारतो. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात तो नियमशास्त्राला पवित्र आणि चांगले म्हणतो. दोष आज्ञेत नसून माणसात आहे, कारण जे करू नये असे कळते नेमके तेच करावेसे वाटते आणि जे करावेसे वाटते ते हातून घडत नाही. आज्ञा रोगाचे निदान करते, बरे करण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. ते सामर्थ्य देवाच्या आत्म्याकडून येते अशी पौलाची श्रद्धा होती, आणि याबाबतीत तो यिर्मया संदेष्ट्याच्या वारशात उभा आहे, कारण नियमशास्त्र एक दिवस दगडावरून हृदयावर उतरेल, माणूस ते बाहेरच्या धाकाने न पाळता आतल्या ओढीने पाळील, ही आशा यिर्मयाने ख्रिस्तापूर्वी सहाएक शतके बोलून दाखवली होती.

याकोबाच्या नावाने असलेले नव्या करारातील छोटे पत्र पौलाच्या विरोधात उभे केले जाते, कारण क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे असे ते सांगते. दोघेही अब्राहामाचेच उदाहरण घेतात, मात्र त्याच्या आयुष्यातले प्रसंग वेगळे निवडतात. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातल्या निपुत्रिक अब्राहामाकडे पाहतो, ज्याच्या हाती देवाच्या शब्दावाचून काही नाही. याकोब बाविसाव्या अध्यायातल्या अब्राहामाकडे पाहतो, जो आपला मुलगा इसहाक यालाही देवापासून राखून ठेवत नाही. एकाला नाते कसे जडते हे सांगायचे आहे आणि दुसऱ्याला जडलेले नाते खरे आहे की नाही हे कशावरून ओळखावे ते सांगायचे आहे. ज्याने उपाशी भावाला नुसते शुभाशीर्वाद देऊन वाटेला लावले त्याच्या विश्वासाला याकोब किंमत देत नाही, आणि पौलानेही ती दिली नसती, कारण प्रेमाच्या द्वारे कार्य करणारा विश्वासच त्याला अभिप्रेत होता.

पाचव्या शतकात हा वाद नव्या रूपात उद्भवला. मूळचा ब्रिटनचा असलेला पेलाजियस हा तपस्वी रोममधील ख्रिस्ती लोकांच्या सैल आचरणाने अस्वस्थ झाला होता. देवाने आज्ञा दिली त्याअर्थी ती पाळण्याची ताकद माणसात असलीच पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याला स्वतःच्या आयुष्यावरून याच्या उलट खात्री पटलेली होती : माणसाची इच्छाच आजारी आहे आणि चांगले हवेसे वाटणे हीदेखील देवाची देणगी आहे. ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलाजियसची मते अमान्य केली. पेलाजियसच्या नैतिक कळकळीविषयी मात्र आदर बाळगावा लागतो, कारण कृपेच्या नावावर बेफिकीर राहणाऱ्यांविषयीची त्याची चीड खोटी नव्हती.

सोळाव्या शतकात मार्टिन लूथरच्या रूपाने हा प्रश्न संपूर्ण युरोपच्या इतिहासाला वळण देऊन गेला. १५०५ साली तो एरफुर्ट येथील ऑगस्टिनियन मठात दाखल झाला, नियमनिष्ठ साधू म्हणून जगला, उपवास, जागरणे आणि पापांची वारंवार कबुली यांत त्याने स्वतःला झिजवले, आणि तरीही न्यायाधीश असलेल्या देवासमोर आपण पुरे पडतो अशी खात्री त्याला कधीच वाटली नाही. विटेनबर्गच्या विद्यापीठात स्तोत्रे आणि रोमकरांस पत्र शिकवताना त्याच्या ध्यानात आले की देवाचे नीतिमत्त्व म्हणजे देव ज्याने माणसाला दंड करतो ते मोजमाप नव्हे. देव ते माणसाला दान म्हणून देतो आणि माणूस ते विश्वासाने घेतो. या शोधाने मोकळ्या झालेल्या माणसाला १५१७ साली जर्मनीत चाललेली पापमुक्तिपत्रांची विक्री असह्य वाटली यात नवल नाही. चर्चच्या शिकवणुकीनुसार पापाची क्षमा झाल्यानंतरही जी शिक्षा भोगणे उरते तिच्यात या पत्रांनी सूट मिळत असे, परंतु रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी निधी जमवणाऱ्या उपदेशकांनी सामान्य लोकांची समजूत अशी करून दिली होती की पैसे देऊन मृत आप्तांचे आत्मेही सोडवता येतात. लूथरच्या ९५ प्रमेयांनी या व्यवहारावर प्रहार केला, आणि पुढील काही वर्षांत पश्चिमेकडील चर्च दुभंगले.

केवळ कृपेने आणि केवळ विश्वासाने, या लूथरच्या घोषणेचा अर्थ कायद्याला रजा असा घेणारे त्याच्याच गोटात निघाले. त्याचा शिष्य आणि मित्र योहान आग्रिकोला याने ख्रिस्ती माणसाला नियमशास्त्र शिकवण्याची गरजच नाही असे मत मांडले, तेव्हा १५३७ पासून लूथरने त्याच्याविरुद्ध उघड वाद केला. लूथरच्या मते नियमशास्त्राची दोन कामे आहेत : समाजातील दुष्टपणाला लगाम घालणे, आणि माणसाला आरशाप्रमाणे त्याचे पाप दाखवून कृपेकडे वळवणे. जिनिव्हातील सुधारक जॉन कॅल्विन याने तिसरे काम सांगितले आणि त्यालाच मुख्य मानले, ते म्हणजे आधीच कृपा लाभलेल्या माणसाला देवाच्या इच्छेप्रमाणे कसे जगावे हे शिकवणे. कॅल्विनचे हे मत निर्गमाच्या विसाव्या अध्यायाच्या अधिक जवळ जाते, असे म्हणणे भाग आहे.

कॅथलिक चर्चने ट्रेंट येथील धर्मसभेत १५४७ साली या विषयावर आपला निर्णय दिला. ट्रेंटने कर्मांनी तारण मिळते असे सांगितले, असा समज प्रॉटेस्टंट घरांत पिढ्यान्‌पिढ्या पोसला गेला. प्रत्यक्षात त्या निर्णयाच्या पहिल्याच कलमात, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याचा धिक्कार केलेला आहे. खरा मतभेद त्यापुढचा होता. देवाच्या पहिल्या पावलानंतर माणसाची इच्छा त्याला साथ देते की नाही, आणि कृपेत वाढलेल्या माणसाच्या सत्कर्मांना पुण्य म्हणावे की नाही, यावर दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर गेल्या. युद्धे आणि छळ होण्याएवढे हे अंतर मोठे होते का, असा प्रश्न आज विचारला तर त्याचे प्रामाणिक उत्तर नाही असेच येईल.

विसाव्या शतकात आणखी एक भिंत ढासळली. ई. पी. सँडर्स या अमेरिकी विद्वानाने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पौलाच्या काळातील यहुदी लिखाणाचा धांडोळा घेऊन दाखवले की पुण्य साठवून देवाची मर्जी विकत घेणारा यहुदी धर्म मुळात अस्तित्वातच नव्हता. यहुदी माणूस देवाच्या निवडीमुळे करारात असतो आणि आज्ञापालन हा त्या करारात राहण्याचा मार्ग असतो. पुढे जेम्स डन यांनी असे मांडले की पौलाचा आक्षेप सुंता, आहार आणि शब्बाथ यांसारख्या, यहुद्यांना इतरांपासून वेगळे काढणाऱ्या चिन्हांवर प्रामुख्याने होता. या मांडणीवर अभ्यासकांमध्ये अजून वाद चालू आहे आणि लूथरचे वाचन तिने पुरते बाद केले असे म्हणता येणार नाही, कारण अपराधभावाने पिचलेल्या माणसाला पौलाच्या शब्दांत जो दिलासा मिळतो तो खराच असतो. तरी सँडर्सनंतर यहुदी धर्माविषयीची जुनी विटंबना विद्वत्तेच्या नावाखाली चालवणे अशक्य झाले, ही मोठी गोष्ट होय.

लूथरच्याच परंपरेतील जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर याने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ‘स्वस्त कृपा’ आणि ‘महाग कृपा’ असा भेद केला. पश्चात्ताप न मागणारी क्षमा आणि शिष्यत्वाचे मोल न देता घेतलेले समाधान ही स्वस्त कृपा. तिने जर्मन चर्चला आतून पोखरले आणि हिटलरपुढे मान तुकवणे सोपे केले, असे त्याला दिसत होते. नाझी राजवटीने ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसनबर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले.

मराठी भाषेचा या विषयाशी संबंध चार शतकांहून जुना आहे. गोव्यात कार्य करणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध मराठीत रचलेले, १६१६ साली रायतूर येथे छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’ दोन भागांत आहे. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र येते, त्यामुळे नियमशास्त्र आणि कृपा ही एकाच कथेची दोन पुराणे म्हणून वाचकासमोर उभी राहतात. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न अधिक निकडीने आला. धर्मशास्त्रांचे अध्ययन केलेल्या या विदुषीला स्त्रियांवर लादलेले धर्मनियम ठाऊक होते. इंग्लंडमधील फुलम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची जोगिणी सेवा करीत असलेल्या आश्रमात, त्यांनी योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकली आणि तिचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु १९०७ सालच्या आपल्या साक्षीत, म्हणजे आत्मकथनपर निवेदनात, त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अनुभव येण्यास आणखी आठ वर्षे जावी लागली. एका धर्माचे नियम सोडून दुसऱ्या धर्माचे नियम स्वीकारणे म्हणजे कृपा नव्हे, हे इतक्या निर्भीडपणे सांगणारे कथन ख्रिस्ती साहित्यात विरळच आढळते. या अनुभवानंतर त्यांचे हात थांबले नाहीत. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली आणि विधवांना आसरा देणारे केडगावचे मुक्तिसदन त्यानंतर उभे राहिले.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरवले जाण्याच्या सिद्धान्तावरील संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या. देव माणसाला स्वीकारतो ते त्याच्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेमुळे, आणि तीच कृपा त्याचे हृदय नवे करून त्याला सत्कर्मांसाठी सज्ज करते, एवढे दोघांनी मिळून मान्य केले. २००६ साली मेथडिस्ट आणि २०१७ साली रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतील, मंडळ्या त्यात सामील झाल्या. विद्वानांचे करार सामान्य श्रद्धावंतापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. ज्याला आजच आपला निर्णय करायचा आहे त्याने गलतीकरांस पत्राचे सहा अध्याय आणि याकोबाच्या पत्राचे पाच अध्याय एका बैठकीत, एकापाठोपाठ वाचावेत, आणि त्याआधी निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील दुसरे वचन वाचायला विसरू नये.